पंधरा मिनिटं

सावद्याला, केळीच्या काट्यावर
रात्रपाळीला मी एकटी.
बाहेर पत्र्याखाली दोन ट्रक,
आत एक जुना संगणक,
त्याच्या पोटात लिनक्स
आणि डोक्यावर उदबत्तीचं घर.

वासूभाऊ नेहेते निवृत्त झाले त्या दिवशी
त्यांनी मला किल्ल्या दिल्या,
पंखा कुठे थोपटायचा ते दाखवलं,
मग काटापावतीच्या पाठीवर पासवर्ड लिहिला,
एकदाच वाचायला दिला,
आणि पावती चहात बुडवली.

"रोज तेजल म्हणूनच बसजो. तेजल वारके.
ओळीच्या टोकाले डॉलर दिसते ना,
तोवर घाबरायचं काम नही.
हॅश दिसला की सांभाळजो.
तो दिसतो खिडकीच्या गजासारखा,
पण तिथी एकबी गज नसते."

सुडो म्हणाले, मला ऐकू आलं सूड.
हसले. "सूड नही वं, सवड.
सवडीनं एक काम करायचं
अन् परत आपलं आपण व्हायचं."

आधी ते स्वतः दिवसभर रूट म्हणून बसायचे.
घडीघडी पासवर्ड कोण टाकीन?
रूट म्हणजे मूळ, एवढंच त्यांना ठाऊक होतं.
केळीचं मूळ खोल जात नाही,
घड लागला की टेकू द्यावा लागतो,
हेही ठाऊक होतं,
पण ते शेतातलं.

मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
घामेजलेलं बोट, आणि एक जागा जास्त सुटली.
अख्ख्या हंगामाची वजनं गेली.
संगणकानं एका शब्दानं विचारलं नाही.
मालकाला कोण विचारतं?

मग फळ्यावर खडूनं लिहिलं: पावत्या आणा.
लोक आले. निंभोऱ्याचे, वाघोद्याचे,
औषधाच्या पिशवीत, पासबुकात घडी घालून.
एकाची खिशासकट धुतली गेली होती,
त्यानं तो लगदाच टेबलावर ठेवला.
चिनावलचा बोंडे सगळ्यात शेवटी आला.
त्याला पैसे वीस क्विंटलचे मिळाले होते,
पावतीवर अठरा चाळीस.
"कमी भरते," तो म्हणाला, "पन हेच खरं."
वासूभाऊंनी तो आकडा टाइप केला
साध्या खात्यातून. पहिल्यांदाच.

आज रात्री दोन वाजता वीज गेली, आली,
आणि घड्याळ चाळीस मिनिटं मागे पडलं.
पावती निघेना.
"ओ ताई, गाडी दिल्लीले जाऊ राह्यली,
माल वाटेतच पिकीन!"
वेळ बदलायला तेजल पुरेशी नव्हती.

पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही,
ठिपका नाही, चांदणी नाही,
आपण लिहितोय की नुसती बोटं हलवतोय
कळत नाही.
एकदा चुकला. दुसऱ्यांदा लागला.
घड्याळ सरळ झालं.

आणि मग ती पंधरा मिनिटं,
ज्यात तो पुन्हा विचारत नाही.
त्याला वाटतं अजून तीच बसली आहे.
सगळ्यांचे पगार एका ओळीवर.
चेअरमनच्या भाच्याच्या गाड्या रिकाम्या किती भरतात,
भरलेल्या किती.
वासूभाऊंचं बंद खातं, त्यात त्यांनी काय ठेवलंय.
आणि बोंडेचे अठरा चाळीस,
त्यांचे वीस करायला दोन बोटं पुरतात.

मी हात मांडीखाली घेतले.
डासानं मानेवर चावून घेतलं.

एक आज्ञा आहे, वासूभाऊंनी शिकवली नव्हती,
मलाच एकदा सापडली:
वेळ संपायच्या आधी
विश्वास परत करता येतो.
केला.

डॉलर.

ट्रक काट्यावर चढला, लोखंड कुरकुरलं.
पावती निघाली, खाली बारीक अक्षरात: तेजल.
ड्रायव्हरनं न वाचताच
ती टपावरच्या झडपेत खोचली
आणि रावेरच्या बाजूला दिवे वळवले.